द्या समजून

खेमाच्या मेंढरांना भाव नव्हता असं नाही. खेमाला तो सांगता येत नव्हता, एवढंच.

औंढ्यापासून दोन कोसांवरच्या वाडीत त्याचं घर होतं. घरात बायको धुरपता आणि दाराशी दोनशे मेंढरं. धंदा वाडवडिलांपासूनचा, शेतात मेंढरं बसवण्याचा. खरिपाची ज्वारी निघून रान रिकामं झालं की संध्याकाळी तिथे वाघूर, म्हणजे दोरीची जाळी, खुंट्यांवर ताणायची. तिच्या आत मेंढरं कोंडायची. सकाळी मेंढरं चरायला निघून गेली की मागे जे खत पडलेलं असे ते शेतकऱ्याचं. दुसऱ्या दिवशी वाघूर पुढे सरकवायची, आणि असं करत सगळं रान खतावून काढायचं. त्याबद्दल शेतकऱ्याने रातीमागे ज्वारी द्यायची. किती द्यायची हे मात्र आधी ठरवावं लागतं, आणि खेमाचं घोडं नेमकं तिथेच पेंड खात असे.

"काय रे खेमा, रातीला किती घेशील?" असं कोणी विचारलं की खेमाची नजर आपल्या वहाणांकडे जाई. कानाच्या पाळ्या गरम होत. आणि तोंडातून दोनच शब्द बाहेर पडत, "द्या समजून."

शेतकरी मोठे समजदार. ते समजून चार पायल्या देत. कोणाची समज तीन पायल्यांवरच थांबे. वाडीतल्या संतरामने तर एकदा आठ रातींचं समजून दहा पायल्या आणि एक डांगर दिलं होतं. डांगर मोठं होतं हे खेमाने घरी आल्यावर धुरपताला दोनदा सांगितलं. धुरपताने ते चिरलं, भाजी केली, आणि त्याच्या ताटात वाढताना एवढंच म्हणाली, "खा. आठ राती जागलाव ह्याच्यासाठी."

खेमाचंही एक म्हणणं होतं. मेंढरं बसवायची तर रोज त्या शेतकऱ्याच्या घरची भाकर येते. ज्याची भाकर खाल्ली त्याच्यापाशी आकडा कोणत्या तोंडाने काढायचा? त्याच्या बापालाही कधी काढता आला नव्हता. बापाने मरताना त्याच्यासाठी मेंढरं ठेवली, वाघूर ठेवली आणि ही भीडही ठेवून गेला.

हे असंच चाललं असतं, पण लढाईनं कापड महाग झालं त्या सुमाराला हट्टा गावाकडून नामाजी नावाचा मेंढक्या या भागात येऊ लागला. मेंढरं त्याची साधारणच होती. आवाज मात्र खणखणीत. औंढ्याच्या आठवडी बाजारात उभ्या बैलगाडीवर चढून तो ओरडे, "रातीला सहा पायल्या. जो आधी बोलंल त्याच्या रानात आधी." पहिल्या वर्षी त्याने खेमाच्या थोड्याच राती नेल्या. दुसऱ्या वर्षी निम्म्या. तिसऱ्या वर्षी माघ लागला तरी खेमाकडे सबंध उन्हाळ्याच्या मिळून अकरा राती ठरल्या होत्या. चार पायल्यांचा खेमा सोडून लोक सहा पायल्यांच्या नामाजीकडे का जातात, हे कोडं खेमाला काही उलगडेना.

जवळपास राती मिळाल्या नाहीत तर मेंढक्याला एकच वाट. कळप घेऊन गंगथडीला जायचं, नदीकाठची गावं धरत चार महिने फिरायचं, आणि मृगाच्या तोंडावर परत यायचं. नवरा-बायको दोघांनीही जायचं, कारण दोनशे मेंढरं एकट्याच्या हातात राहत नाहीत. खेमा गंगथडीचं नाव काढणार एवढ्यात धुरपताने त्याला अडवलं.

"मी येत न्हाई," ती म्हणाली. "सिंधू येऊन राहिली."

सिंधू त्यांची एकुलती एक लेक. तिला सातवा लागला होता, चैत्रात दिवस भरत होते. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं खरं तर माहेरी व्हायचं, पण त्या साली माहेरचं दार बंद होतं, आई-बाप गंगथडीला. सिंधू सासरीच बाळंत झाली आणि लेकरू हाती लागलं नाही. निरोप नदीकाठी पोचला तो आठ दिवसांनी. धुरपता तेव्हा रडली नव्हती. मेंढरं हाकत हाकत ती फक्त मागचे आठ दिवस आठवत होती, की लेक तिकडे अशी पडली असताना आपण कोणत्या दिवशी कुठे होतो, काय खाल्लं, कशावर हसलो. खेमाला ते सगळं माहीत होतं. म्हणून त्याने गंगथडीचा शब्दच काढला नाही.

सिंधू आली. धुरपताने लगेच शालूबाईला सांगून ठेवलं. शालूबाई वाडीतली म्हातारी सुईण. गावातली निम्मी लेकरं तिच्या हातची होती, सिंधूसुद्धा. आता उरलं होतं खेमाचं काम. वाडीजवळच्या चाळीस-पन्नास राती मिळवायच्या, म्हणजे कुठे जायलाच नको.

खेमाने दोन दिवस डोकं चालवलं. आणि त्याला अशी युक्ती सुचली की तो स्वतःवरच खूश झाला. वाडीतला मोठा जमीनदार उत्तमराव. त्याचं रान वाडीला लागूनच होतं. त्याच्या रानात पहिली रात फुकट बसवायची. खत बघून तो पुढच्या राती आपणहून देईल. शिवाय फुकट म्हटल्यावर आकडा सांगायची भानगडच नाही. या शेवटच्या गोष्टीचा त्याला सगळ्यात जास्त आनंद झाला.

उत्तमराव ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. खेमाने रामराम केला आणि वहाणांकडे बघत म्हणाला, "मालक, एक रात तुमच्या रानात बसवतो. फुकट."

अडकित्ता थांबला.

आता हे खेमाच्या लक्षात यायला हवं होतं. त्या मुलखात मेंढरं फुकट दोनच ठिकाणी बसत. एक, देवाच्या इनाम जमिनीत. आणि दुसरं, ज्या घरातला कर्ता माणूस त्या साली गेला त्या घराच्या रानात. खेमाने स्वतः दोन्ही ठिकाणी कित्येकदा बसवली होती. पण युक्तीच्या भरात माणूस रोजचं विसरतो.

"खेमा," उत्तमराव शांतपणे म्हणाला, "मी देव हाय का मेलेलो हाय?"

आतून कोणीतरी खुदकन हसलं. ती बहुतेक उत्तमरावाची बायको मंजुळाबाई असावी. खेमाने काहीतरी पुटपुटून वाट धरली. तो घरी पोचायच्या आत गोष्ट पाणवठ्यावर पोचली होती, आणि पाणवठ्यावरून पुढे निघाली तेव्हा तिला शेपूट फुटलं होतं. खेमा फुकट देऊन राहिला म्हणजे त्याच्या मेंढरांना देवी आली असणार, असं कोणीतरी म्हणालं. तिसऱ्या दिवशी ठरलेल्या अकरा रातींपैकी दोन गळल्या.

धुरपताने सगळं ऐकून घेतलं. ती चिडेल अशी खेमाची तयारी होती. ती चिडली नाही, ते जास्त वाईट.

"आता तुमचं झालं असंल तर माझं ऐका," ती म्हणाली. "आजपसून रातीला नऊ पायल्या."

खेमाला वाटलं, उन्हाने हिचं डोकं फिरलं. "अगं, चारला कोणी ईना. नामाजी सहा घेऊन राहिला."

"नामाजी काय करतो रातभर?"

"झोपतो."

"अन् तुमी?"

खेमाला प्रश्न कळेना. तो काय करतो, ते सगळे मेंढके करत असतील असं तो धरून चालला होता. मेंढरं एकमेकांना चिकटून एकाच कोपऱ्यात बसतात. मग वाघरीतला तेवढा कोपरा खतावतो आणि बाकीचं रान कोरडं राहतं. म्हणून खेमा रातीतून दोनदा उठून मेंढरं उठवी, फिरवी, दुसऱ्या बाजूला बसवी. उठवलेलं मेंढरू आधी लेंड्या टाकतं, मग पुढे सरकतं. हे बापाने शिकवलेलं. त्याच्या बदल्यात काही मागावं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"हे कोणाला सांगितलं तुमी आजवर?"

"सांगायचं काय त्यात?"

धुरपताने कपाळाला हात लावला. मग ती ज्वारीच्या पोत्यावर ऐसपैस बसली, उत्तमरावासारखी मान तिरकी केली आणि जाड आवाजात म्हणाली, "काय रे खेमा, रातीला किती घेशील?"

खेमाची नजर वहाणांकडे गेली. "द्या समजून," तो म्हणाला.

"अवो, मी बायको हाव तुमची. माझ्यापाशी बी भीड?"

दोन-तीनदा करून पाहिलं, जमेना. शेवटी तिने त्याला गोठ्यात नेऊन मोठ्या एडक्यासमोर बसवलं. "ह्याला सांगा. ह्याच्या घरची भाकर न्हाई खाल्ली तुमी."

मग सकाळ-संध्याकाळ खेमा एडक्यासमोर बसून "नऊ पायल्या" म्हणू लागला. आधी तोंडातल्या तोंडात, मग जरा मोकळ्या आवाजात. एडका रवंथ करत ऐकून घेई. दारात टेकून बसलेली सिंधू ते बघून पोटावर हात धरून हसायची. माहेरी आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, आणि खेमाला वाटलं की तेवढ्यासाठी आपण आणखी महिनाभर एडक्याला भाव सांगू.

दुसरं काम धुरपताने स्वतः केलं. संतराम आणि त्याचा भाऊ संपतराव यांची रानं शेजारीशेजारी होती, मध्ये फक्त एक धुरा, म्हणजे बांध. एकाच दिवशी, एकाच तिफणीने, एकच बी पेरलेलं. मागच्या उन्हाळ्यात संतरामच्या बाजूला खेमाची मेंढरं बसली होती, संपतरावाच्या बाजूला नामाजीची. तिने दोघांच्या गंजीतून कडब्याची एकेक पेंढी मागून आणली. फाल्गुन सरत आला तेव्हा एका बाजाराच्या दिवशी खेमाला औंढ्याला नेलं, चिंचेखाली बसवलं आणि दोन्ही पेंढ्या त्याच्या शेजारी झाडाला टेकवून उभ्या केल्या.

"तुमी कायबी बोलू नका," तिने बजावलं. "कोणी विचारलं तर कोणती पेंढी कोणाच्या रानातली तेवढं सांगा." आणि स्वतः जरा बाजूला मिरच्यावालीपाशी जाऊन बसली.

संतरामची पेंढी दुसरीपेक्षा हातभर उंच होती. ताटं अंगठ्याएवढी जाड. संपतरावाच्या पेंढीत काही ताटं तशीच होती आणि बाकीची करंगळीएवढी, कारण कोपऱ्यातलं पीक आणि मधलं पीक एकात बांधलं गेलं होतं. येणारे-जाणारे थांबू लागले. कडबा विकायचा का, म्हणून विचारत. खेमा म्हणे, न्हाई. मग का आणला? खेमा सांगे, ही संतरामची, ही संपतरावाची, मधी एक धुरा. एवढं बोलून तो गप्प बसे, आणि गप्प बसणं तर त्याला पोटातूनच येत होतं. माणसं दोन्ही पेंढ्यांमधली ताटं हातात घेऊन बघत आणि आपसात बोलू लागत. गाडीवर नामाजी ओरडत होता, पण त्याच्याभोवतीचे चारजण इकडे सरकले.

दुपारी उत्तमराव आला. त्याने एक ताट मोडून पाहिलं. दुसऱ्या पेंढीतलं मोडून पाहिलं. मग खेमाकडे वळला.

"रातीला किती घेशील?"

मिरच्यावालीपाशी कोणीतरी खोकलं. खेमाची मान खाली जायला लागली होती, ती अर्ध्यावर थांबली. "द्या," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द ओठावर आला होता तो गिळला. "द्या नऊ पायल्या."

बाजारात क्षणभर शांतता झाली असं खेमाला वाटलं. बाजार आपला चालूच होता.

"नामाजी सहा घेऊन राहिला," उत्तमराव म्हणाला.

हे एडक्याने कधी विचारलं नव्हतं. धुरपताने पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलं होतं, दुसऱ्याचं नाही. खेमाने इकडे तिकडे पाहिलं, काही सुचेना, म्हणून त्याने जे होतं तेच सांगितलं.

"व्हय. त्यो रातभर झोपतो."

उत्तमरावाने विचारलं, "अन् तू?"

"मी दोनदा उठवतो. मंग सगळं रान खतावतं. कोपराच न्हाई."

"मंग हे इतकी सालं काहून न्हाई बोललास? आमाला वाटायचं, ज्याला आपला भाव ठाऊक न्हाई त्याच्या मालात काहीतरी खोट असंल. म्हणून तर लोक तिकडं गेले." त्याने हातातलं ताट खाली टाकलं. "चाळीस राती धर माझ्या. उद्यापसून." आणि जाता जाता मागे वळून म्हणाला, "पहिली रात फुकट न्हवं?"

"न्हाई मालक," खेमा म्हणाला. "तुमी देव बी न्हाई अन् मेलेले बी न्हाई."

उत्तमराव असा मोठ्याने हसला की गाडीवरचा नामाजीही थांबून बघू लागला. धुरपता मात्र हसली नाही. ती मिरच्यावालीकडे पाठ करून पदराने डोळे पुसत होती. मिरच्यांमुळे, असं तिने नंतर सांगितलं. चाळीस राती म्हणजे चैत्र पार पडत होता.

चैत्रात एका सकाळी मेंढरं उत्तमरावाच्या रानातून, घरामागच्या हाकेच्या अंतरावरूनच, चरायला सुटत होती तेव्हा धुरपताची हाक आली. खेमा धावत आला तो दारातच थबकला. आतून लेकराचा आवाज येत होता, आणि तो चांगला खणखणीत होता, नामाजीला भारी पडेल असा. थोड्या वेळाने शालूबाई हात पुसत बाहेर आली.

"नात झाली," ती म्हणाली. "माय-लेकी दोघी बराबर हायेत."

खेमा मेंढरांकडे तोंड करून उभा राहिला. मेंढरं तिकडे नव्हती, गेली होती, पण तो तिकडेच बघत राहिला. मग डोळे कोरडे करून वळला आणि म्हणाला, "शालूमाय, काय देऊ?"

शालूबाईने मान खाली घातली. कोरडे हात पुन्हा एकदा पदराला पुसले.

"दे समजून," ती म्हणाली.

 हे बोल खेमाने सबंध जन्म आतून ऐकले होते. बाहेरून आज पहिल्यांदा कानावर पडले. आणि त्याला वीस वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. हेच दार, हीच शालूबाई, आत सिंधू जन्मलेली. तेव्हाही त्याने विचारलं होतं, तेव्हाही ती हेच म्हणाली होती. आणि त्याने समजून एक नारळ आणि एक पायली ज्वारी दिली होती. शालूबाई "बरं" म्हणून गेली होती. सारी रात तिने धुरपताच्या उशाशी बसून काढली होती. त्याला त्यात काही चुकलंय असं तेव्हा वाटलं नव्हतं. आज मात्र त्याला भयंकर लाज वाटली.

तो उंबऱ्यावर बसला. "न्हाई शालूमाय. आकडा सांगा."

"काय सांगू बाबा. तुह्या घरची भाकर खाल्ली म्या रातच्याला."

"भाकरीचं राहू द्या. आकडा सांगा."

शालूबाईने पायांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "दोन पायल्या?" तिने विचारलं, जणू देणारी तीच होती.

खेमा उठला, गोठ्यात गेला आणि एडक्याला शिंगाला धरून घेऊन आला. त्याला तिच्यासमोर उभं करून म्हणाला, "ह्याच्याकडं बघून पुन्हा सांगा. ह्याला भीड न्हाई."

म्हातारीला हसू फुटलं. एडका तिचा पदर हुंगू लागला. "पाच," ती हळूच म्हणाली आणि आपलंच बोलणं ऐकून ओशाळली.

आतून धुरपताचा आवाज आला. दमलेला होता, पण त्यातली मिश्किली गेली नव्हती.

"नऊ म्हणा, शालूमाय. त्यानला तेवढाच आकडा येतो."

खेमाने पायली घेतली आणि शालूबाईच्या पोत्यात ज्वारी मापायला सुरुवात केली. नऊ झाल्या. तो थांबला नाही. दहावी भरली, अकरावी भरली. शालूबाईने त्याचा हात धरला.

"नऊ झाल्या की रे. आता ह्या कशाच्या?"

"ह्या सिंधूच्या येळच्या," खेमा म्हणाला आणि बारावी भरू लागला. "राहिल्या होत्या."